दात पडला, दाढ ठणकली, गाल सुजला: आधी काय करायचं

मी शाळेत खेळ शिकवतो. आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, बीटाडिन, पट्ट्या, क्रेप बँडेज, दुखऱ्या पायावर मारायचा स्प्रे असं सगळं असतं. दातासाठी काहीही नसतं. तरी कबड्डीच्या मैदानावर सर्वांत जास्त गोंधळ दातावरूनच होतो, कारण रक्त भरपूर दिसतं, मूल रडत असतं आणि काय करायचं हे भोवतालच्या दहा जणांना दहा प्रकारे ठाऊक असतं. घरी आई-वडिलांची दुखणी आणि स्वतःची अक्कलदाढ हेही सगळं करून झालंय. नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि मुलांचे पालक मला जे विचारतात, ते इथे क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही. दातांच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत जे आपल्या हातात असतं, तेवढंच यात आहे.

१. आधी ठरवा: आत्ता पळायचं की सकाळपर्यंत थांबायचं

दुखण्यावरून घाई ठरवू नका. रात्री दोनला माणसाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायला लावणारी दाढ बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकते. उलट फारसा न दुखणारा, हनुवटीखाली पसरत चाललेला फुगवटा थांबू शकत नाही.

लगेच, म्हणजे त्याच मिनिटाला निघायचं ते असं:

- कायमचा दात मुळासकट बाहेर आला किंवा जागेवरून सरकला
- सूज जबड्याखाली, गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकतेय. सोबत ताप, गिळायला त्रास, तोंड उघडत नाही, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय
- दात काढल्यावर दाबून धरूनही रक्त थांबत नाही
- मार लागल्यावर दात एकमेकांवर पूर्वीसारखे बसत नाहीत (जबडा मोडल्याची शंका)

मार डोक्यालाही लागला असेल आणि मूल बेशुद्ध झालं, उलट्या करू लागलं किंवा गुंगीत गेलं, तर दात विसरा. आधी मोठं रुग्णालय. १०८ ला फोन करा; ११२ लाही करता येतो.

नुसता ठणका, निघालेली कॅप, पडलेलं सिमेंट, तुटलेला छोटा टवका हे सगळं सकाळी पाहता येतं.

२. आख्खा दात बाहेर पडला तर

हा प्रकार नीट वाचून ठेवा, कारण यात डॉक्टरांपेक्षा जास्त तुमच्या हातात असतं. पहिल्या अर्ध्या तासात दात परत जागेवर गेला तर तो जगण्याची शक्यता चांगली असते. कोरडा राहून तासभर गेला की मुळावरच्या पेशी मरतात. नंतर दात बसवला तरी तो पुढे काही वर्षांत झिजत जाण्याची शक्यता जास्त.

पहिला प्रश्न: दात दुधाचा की कायमचा? पुढचे खालचे कायमचे दात साधारण सहा-सात वर्षांच्या वयात येतात, वरचे सात-आठच्या सुमारास. दुधाचा दात परत बसवायचा नाही. त्याच्या वर वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण तुकडा आत राहिलाय का, शेजारचे दात हललेत का हे बघावं लागतं. पहिलीतल्या मुलाचा दात पडला आणि दुधाचा की कायमचा ते कळत नसेल, तर बसवायचा प्रयत्न न करता दात दुधात घालून निघा.

कायमचा असेल तर:

दात शोधा. जमिनीवर पडलेला दात पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो, कारण तो अपेक्षेपेक्षा जवळपास दुप्पट लांब असतो. पांढरा चकचकीत भाग आपण रोज पाहतो तो, आणि खाली पिवळसर, निमुळतं होत गेलेलं मूळ. त्या मुळावर ओलसर पातळ थर असतो, कधी त्याचे बारीक तंतू लोंबतात. मातीत पडलेला दात पाहून हात आपोआप तो थर खरवडायला जातो. तोच थर वाचवायचा आहे. दात फक्त पांढऱ्या भागाला धरा.

घाण लागली असेल तर गार दुधात, सलाइनमध्ये किंवा अगदी नळाच्या धारेखाली थोडक्यात धुवा, दहा सेकंद पुरेत. साबण नाही, डेटॉल नाही, ब्रश नाही, रुमालाने पुसणं नाही.

मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात तिथेच परत खोबणीत बसवा. बाहेरची फुगीर बाजू ओठाकडे. शंका आली तर शेजारच्या दाताकडे पाहा. हलक्या हाताने दाबला की तो जागेवर सरकतो. मग स्वच्छ रुमालाची घडी करून मुलाला ती चावून धरायला सांगा आणि निघा. ऐकून भीती वाटते, पण वाटतं तेवढं ते अवघड नाही, आणि मोठी मुलं बऱ्याचदा आपल्यापेक्षा शांत असतात. ज्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय किंवा प्रतिकारशक्ती फार कमी आहे, त्यांचा दात स्वतः बसवू नका.

बसवायला जमत नसेल तर पिशवीतलं गार दूध घ्या, साखर न घातलेलं. टपरीवर मागितलंत तर तो पातेल्यातलं गरम दूध देईल. फ्रिजमधली पिशवी मागा. दात दुधात बुडवून, डबी बंद करून सोबत न्या. दूध नसेल तर मेडिकलमधून सलाइनची छोटी बाटली. तेही नसेल तर मुलाला एका वाटीत थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. नुसत्या पाण्यात भिजत ठेवू नका. पाण्याने मुळावरच्या पेशी फुगून फुटतात. लहान मुलाच्या गालात दात ठेवून न्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो गिळला जातो किंवा श्वासनलिकेत जातो.

माझ्यासमोर आलेले बहुतेक पडलेले दात कशात आले असतील? रुमालात किंवा वहीच्या कागदात, नीट घडी घालून. एवढ्या काळजीने दात वाळवून आणलेला पाहिला की काय बोलावं सुचत नाही.

पुढे डॉक्टर दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधतात, साधारण दोन आठवड्यांसाठी. मुळाचं टोक पूर्ण बंद झालेल्या दाताची रूट कॅनालही त्या दोन आठवड्यांच्या आतबाहेर सुरू करावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारतील. मऊ जेवण, मऊ ब्रश, आणि दाखवायला जायच्या तारखा पुढे बरेच महिने चालतात. पालक पहिल्या दोन खेपांना जातात, मग दात घट्ट दिसतो म्हणून जात नाहीत. मूळ आतून झिजतंय की नाही ते एक्स-रेशिवाय कळत नाही, तेव्हा तारखा चुकवू नका.

३. दात तुटला किंवा हलला तर

तुटलेला तुकडा सापडला तर पाण्यात किंवा दुधात ठेवून न्या. पुष्कळदा तोच तुकडा चिकटवता येतो आणि रंगाचा फरकही राहत नाही. तुटल्या जागी मध्ये गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसत असेल तर नस उघडी पडलीय, त्याच दिवशी जा. तुकडा सापडला नाही तर ओठ चाचपून पाहा, फुटलेल्या ओठात तो रुतून बसलेला असतो.

दुधाचा दात मार लागून आत गेला तर ओढू नका. बरेचदा तो आपोआप खाली येतो. पुढच्या महिन्यांत तो राखाडी पडला तर डॉक्टरांना दाखवा.

४. रात्रीचा ठणका

गार पाण्याने कळ येऊन लगेच थांबते, ती वेगळी गोष्ट. कळ मिनिटभर राहते, आपोआप उठते, आडवं पडलं की वाढते, तेव्हा आतली नस सुजलेली असते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो म्हणून रात्री जास्त ठणकते. उशा लावून डोकं उंच ठेवा.

कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरा. दोन दातांत अडकलेलं अन्न फ्लॉसने किंवा दोऱ्याने काढा. टाचणी, सेफ्टी पिन, काडी यांनी टोकरू नका. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन किडलेल्या खड्ड्यात ठेवला तर थोडा आराम पडतो, पण हिरडीला लागलं की चांगलंच भाजतं. वेदनाशामक गोळी पोटात घ्यायची असते. ती कुटून दाढेत भरणाऱ्यांच्या हिरडीवर पांढरा भाजल्याचा डाग मी पाहिलाय.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल चालते. कॉम्बिफ्लामसारख्या गोळीत आयबुप्रोफेन असतं: अल्सर, किडनीचा त्रास, दमा असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नाही. मुलांना वजनाप्रमाणे डोस लागतो, तेव्हा डॉक्टरांनाच विचारा.

आता अँटिबायोटिक. मेडिकलवाल्याकडे जाऊन “दाढेसाठी काहीतरी द्या” म्हटलं की पाकीट मिळतं. नस सुजल्याने होणारा ठणका अँटिबायोटिकने थांबत नाही, कारण गोळी दाताच्या आत पोचतच नाही. दोन दिवसांत दुखणं थांबलं तर औषध लागू पडलं असं वाटतं. बरेचदा नस मेलेली असते आणि पुढे मुळाशी पू होतो. म्हणून दुखणं बंद झालेली दाढही दाखवा. हा सापळा सगळ्यांत मोठा आहे आणि शिकलेली माणसंच त्यात जास्त सापडतात.

दुसरा सापळा मशेरीचा. तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून “मशेरीने बरं वाटतं” हे म्हणणं खोटं नाही. आत कीड वाढत राहते आणि तंबाखूची सवय लागते ती वेगळीच. तिसरा सापळा जत्रेत किंवा बाजारात बसणारा. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन तो दाढेतून पडलेल्या “अळ्या” दाखवतो. दाताच्या किडीत अळ्या नसतात. ती जंतूंनी केलेल्या आम्लाने झालेली झीज असते. दाखवलेल्या अळ्या बियांमधूनच आलेल्या असतात.

५. गाल सुजला तर

बाहेरून गरम शेक देऊ नका. आमच्याकडे विटकर तापवून, मिठाची पुरचुंडी करून शेकायची पद्धत आहे; त्याने पू बाहेरच्या बाजूने पसरायला मदत होते. बाहेरून गार, आतून कोमट मिठाच्या चुळा, आणि त्याच दिवशी डॉक्टर. फोड सुईने फोडायचा नाही.

खालच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला असतात. तिथला पू जिभेखाली आणि गळ्याच्या मऊ भागात उतरू शकतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. अशा वेळी दवाखान्याच्या दारात रांगेत बसू नका. दिवस असो की रात्र, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्यांत हे फार झपाट्याने वाढतं. साखर किती आहे ते तिथे पोचल्याबरोबर सांगा.

६. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर

लाळ दिवसभर गुलाबी येणं साधं आहे. तोंड रक्ताने भरत असेल तर ते साधं नाही. स्वच्छ गॉजची जाड घडी ओली करून नेमकी त्या खड्ड्यावर ठेवा आणि पूर्ण अर्धा तास चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून पाहायचं नाही, त्याने गुठळी सुटते. गॉज नसेल तर चहाची ओली पिशवी चालते, चहातला टॅनिन रक्त गोठायला मदत करतो. चोवीस तास चूळ, थुंकणं, स्ट्रॉ, गरम चहा आणि तंबाखू बंद.

इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असणाऱ्यांनी दात काढायच्या आधीच सांगावं. पण घरच्या घरी गोळी बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच. दात काढल्यावर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी जबर कळ आणि तोंडाला वास आला, तर खड्ड्यातली गुठळी निघून हाड उघडं पडलंय असं समजा. तंबाखू-सिगारेटवाल्यांना हे जास्त होतं. डॉक्टर आत औषधाची पट्टी ठेवतात आणि लवकर आराम पडतो.

७. छोट्या अडचणी

निघालेली कॅप धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत बसवून घ्या. फेविक्विकने चिकटवू नका, हे सांगावं लागतं. ब्रेसेसची तार गालाला टोचत असेल तर ऑर्थोवॅक्स (ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण) लावा किंवा पेन्सिलच्या खोडरबरच्या टोकाने ती हळूच आत वळवा. कात्रीने कापायला गेलात तर तुकडा गिळला जातो. ब्रेसेसची दातावर चिकटवलेली टिकली (ब्रॅकेट) सुटली आणि सापडली तर जपून ठेवा.

८. कुठे जायचं

शहरात नेहमीच्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा आणि रविवारी कोण उघडं असतं ते विचारून ठेवा. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे आणि नायरचं दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही खर्च दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. तिथे शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, काम बहुधा बारकाईने होतं. सकाळी केसपेपरच्या खिडकीवर लवकर पोचा. रात्री ही ओपीडी बंद असते. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला अपघात विभाग. जिल्हा रुग्णालयातही दंत विभाग असतो.

बीडीएस म्हणजे दंतवैद्य. मुळाचं काम, लहान मुलांचं काम आणि जबड्याचं ऑपरेशन यांचे एमडीएस, म्हणजे त्या-त्या कामाचे तज्ज्ञ, वेगळे. पडलेल्या दातासाठी मात्र तज्ज्ञ शोधत बसू नका, जो दंतवैद्य उघडा सापडेल तो.

९. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड आणि जुने एक्स-रे, ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे) असतील तर
- सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत, पाकिटंच न्या)
- औषधाची ॲलर्जी, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण: एका कागदावर लिहून
- हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं-गोळ्या असतील तर त्या आवर्जून. दात काढण्याआधी डॉक्टरांना हे ठाऊक हवं
- शाळेतून जात असाल तर पालकांचा नंबर आणि संमती, फोनवर घेतली तरी

बहुतेक आरोग्य विम्यात दातांचा खर्च बसत नाही, पण अपघातात झालेली इजा बऱ्याच पॉलिसींमध्ये बसते. म्हणून तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी, एक्स-रे आणि मूळ बिलं जपा. रस्ता अपघात असेल तर रुग्णालयात तशी नोंद करून घ्या.

१०. वेळ येऊच नये म्हणून

दोनदा ब्रश, त्यातला रात्रीचा चुकवू नका. मोठ्यांची पेस्ट किमान १००० पीपीएम फ्लोराइडची. घासल्यावर थुंका, खळखळून धुऊन टाकू नका. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते तेव्हा मुलाला “दात दाखव” म्हणून पाठवा, आणि चिठ्ठी आली तर दप्तरातून बाहेर काढा.

कबड्डी, हॉकी, बॉक्सिंग, कराटे खेळणाऱ्या मुलांना माऊथगार्ड हवाच. दुकानात गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून बसवायचा मिळतो. डॉक्टरांकडून मापाने करून घेतलेला जास्त चांगला बसतो. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, कारण बोलता येत नाही. मी सरावालाही लावायला लावतो. दहीहंडीच्या थरात चढणाऱ्यांनी हेल्मेटसोबत हाही लावावा. मैदानाच्या पेटीत माझ्याकडे आता सलाइनची छोटी बाटली, झाकणाची डबी आणि गॉज असतो.

मोठ्यांनी बाटलीचं झाकण दाताने उघडणं, सुपारी फोडणं, नळीतलं हाड चावणं सोडावं. कीड भरलेल्या दाढेला तर डिंकाचा कडक लाडूही पुरतो. गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं आणि दाढ ठणकली तेव्हा डॉक्टरांचं हत्यारच आत जात नाही. दोन बोटंही तोंडात जात नसतील तर आधी तेच दाखवा.

सतरा ते पंचविशीतली मुलं बारावी, नीट किंवा परदेशी शिक्षणाच्या वाटेवर असतात, आणि अक्कलदाढ त्याच वयात डोकं वर काढते. तिकीट काढण्याआधी दोन-तीन महिने ओपीजी काढून घ्या. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या आरोग्य विम्यात दातांचा भाग बहुधा वेगळा घ्यावा लागतो, आणि रूट कॅनालचं बिल पाहून मुलं सुट्टीत भारतात येईपर्यंत गोळ्यांवर काढतात. ब्रिटनमध्ये रात्री १११ ला फोन केला तर तातडीच्या दंतसेवेकडे पाठवतात. रूट कॅनाल अर्धी ठेवून विमानात बसू नका. हवेचा दाब बदलला की अशी दाढ वरती गेल्यावर ठणकते.